उजेडाचा जमाखर्च

दिवाळीच्या अंकात उजेडाविषयी लिहायचे म्हणजे पणत्या, आकाशकंदील आणि फार तर अंतरीचा ज्ञानदीप, असा आपल्याकडचा रिवाज आहे. मी आज लिहिणार आहे ते उजेडाच्या टंचाईविषयी. ही टंचाई तरी कुठली? पावसाळी दुपारी शाळेच्या सभागृहात, सहा ट्यूबलाइटांखाली मुले मल्लखांब खेळत असताना त्यांची छायाचित्रे घेऊ पाहणाऱ्याला पडते ती. विषय क्षुल्लक वाटेल. मलाही तो तसाच वाटत होता. पण शाळेच्या वार्षिक अंकाचे संपादन माझ्या गळ्यात पडले आणि छायाचित्रांचे तीन गठ्ठे टेबलावर येऊन पडले, तेव्हा ध्यानात आले की कथा-कादंबरीवर टीका लिहिताना जे प्रश्न आपण मोठ्या गांभीर्याने विचारतो, तेच प्रश्न इथेही विचारावे लागणार. खरे काय, देखणे काय, आणि देखणेपणासाठी खऱ्याला किती मुरड घालावी?

आमची शाळा तालुक्याच्या गावची. आंतरशालेय स्पर्धा नेमक्या ऐन पावसात येतात. मैदानावर चिखल, म्हणून सारा खेळ सभागृहात. वर पत्र्याचे छप्पर, भिंती पावसाने काळवंडलेल्या, पश्चिमेला दोन खिडक्या, आणि सहा ट्यूबलाइटांपैकी एक कायमची लुकलुकणारी. मध्यभागी एरंडेल पिऊन काळाभोर झालेला साडेआठ फुटी खांब, आणि पलीकडे तुळईवरून सोडलेला दोर. गठ्ठ्यांपैकी पहिला मोबदला देऊन बोलावलेल्या छायाचित्रकाराचा, दुसरा एका हौशी पालकाचा, नव्या कोऱ्या मोबाइलवर टिपलेला, आणि तिसरा आमच्या कलाशिक्षकांचा. मी कादंबऱ्या लिहितो म्हणून मला चित्रांतलेही कळत असणार, असा सहकाऱ्यांचा समज. तो खोडून काढण्याचे धैर्य मला झाले नाही.

आधी थोडे गणित सांगतो. माझे विज्ञान शालान्त परीक्षेपुरतेच, पण एवढे मी कलाशिक्षकांकडून नीट समजून घेतले आहे. भर दुपारच्या उन्हात मैदानावर जेवढा उजेड असतो, त्याच्या सुमारे अडीचशेव्या हिश्श्याइतकाच आमच्यासारख्या सभागृहात असतो. आपल्याला तो फरक जाणवत नाही, कारण बाहुली मोठी होते, डोळा सरावतो, आणि मन उरलेसुरले भरून काढते. डोळा मोठा समजूतदार. घरातल्या गरिबीची तो चार लोकांत वाच्यता करीत नाही. कॅमेऱ्याला हा समजूतदारपणा नाही. तो आहे तेवढेच मोजतो.

उडी घेणारे मूल स्थिर टिपायचे, तर झडप सेकंदाच्या पाचशेव्या भागापुरतीच उघडावी लागते. उन्हात तेवढ्या निमिषातही उजेड ओसंडतो. सभागृहात मात्र भिंगाचे छिद्र एफ २.८ इतके सैल सोडूनही कॅमेऱ्याची संवेदनशीलता, म्हणजे आयएसओ, ३२०० पर्यंत ताणावी लागते. कॅमेऱ्याबरोबर मिळणारे साधे झूमचे भिंग लांबवले, की बहुधा एफ ५.६ च्या पलीकडे उघडत नाही. म्हणजे त्यातही उजेड चौथाईच आत येतो. त्यात आपल्याकडची वीज सेकंदाला ५० आवर्तनांची असल्यामुळे जुन्या चोकच्या ट्यूबलाइटचा उजेड सेकंदाला १०० वेळा चढतो आणि उतरतो. पाचशेवा भाग म्हणजे त्या एका लाटेचा पाचवा हिस्सा. कधी लाटेचा माथा सापडतो, कधी तळ. म्हणून एकाच मुलाची लागोपाठ घेतलेली तीन चित्रे पाहावीत, तर एक उजळ, दुसरे मळकट, तिसरे पिवळे! २०१४ नंतर काही कॅमेऱ्यांत ही लाट ओळखून तिच्या माथ्यावरच झडप उघडण्याची सोय आली. पण तसले कॅमेरे शाळेच्या वाटेला सहसा येत नाहीत.

तेव्हा अशा ठिकाणी छायाचित्र घेणे म्हणजे अपुऱ्या पगारात महिना काढणे आहे. काहीतरी गहाण टाकावेच लागते. झडप जास्त वेळ उघडी ठेवली, की हालचाल फराट्यासारखी उमटते. संवेदनशीलता वाढवली, की चित्र बेसनाच्या लाडवासारखे रवाळ होते. छिद्र सताड उघडले, की डोळा रेखीव येतो आणि हात पुसट होतो. स्थिरता, स्वच्छपणा आणि खोली, या तीन गोष्टी गहाण टाकता येतात. चौथी गोष्ट आहे खरेपणा. माझे म्हणणे असे, की पहिली तीन कर्जे प्रामाणिक आहेत; चित्र पाहणाऱ्याला ती उघड दिसतात. चौथे कर्ज मात्र पाहणाऱ्याला न सांगता त्याच्याच नावावर काढलेले असते.

हालचाल आणि उजेड यांचा हा झगडा जुना आहे, आणि थोरामोठ्यांनी तो आपापल्या परीने मिटवलेलाही आहे. १८७८ साली अमेरिकेत एडवर्ड माइब्रिज याने धावत्या घोड्याची छायाचित्रे घेतली आणि चौखूर धावताना घोड्याचे चारही पाय एका क्षणी जमिनीवरून सुटतात, हे जगाला दाखवले. पण त्याच्यापाशी कॅलिफोर्नियाचे लख्ख ऊन होते, घोड्यामागे पांढरी पार्श्वभूमी होती, आणि ओळीने मांडलेले बारा कॅमेरे होते. पुढे १९३० नंतरच्या वर्षांत हॅरोल्ड एजर्टन या विद्युत अभियंत्याने उजेडाची वाट पाहणेच सोडून दिले. क्षणार्धात लखलखून विझणारा दिवा त्याने कामाला जुंपला. थाळीतल्या दुधावर पडणाऱ्या थेंबाचा मुकुट झालेले त्याचे १९५७ चे चित्र अनेकांनी पाहिले असेल. तिसरा मार्ग एर्न्स्ट हास याचा. ऑस्ट्रियात जन्मलेल्या या छायाचित्रकाराने १९५० नंतरच्या दशकात बैलझुंजीची रंगीत चित्रे घेताना झडप मुद्दाम रेंगाळू दिली, आणि हालचालीचा फराटा हाच चित्राचा विषय केला.

हे तिघेही थोर, पण आमच्या सभागृहात तिघांपैकी एकाचाही मार्ग सरळ चालत नाही. माइब्रिजचे ऊन नाही. एजर्टनचा दिवा वापरावा, तर समोर दुधाचा थेंब नसून मूल आहे. आणि हासचा फराटा आईबापांना दाखवावा, तर ते विचारतात, "यातली आमची कोणती?" शाळेतल्या छायाचित्रकाराचा प्रश्न या अर्थी थोरांच्या प्रश्नापेक्षाही अवघड आहे.

आता गठ्ठ्यांकडे वळतो.

पहिला गठ्ठा सर्वांत नीटनेटका. प्रत्येक मूल रेखीव, प्रत्येक बोट मोजता येईल असे. पण ही सारी चित्रे फ्लॅशची. फ्लॅशचा उजेड जवळच्या वस्तूवर आदळतो आणि पुढे झपाट्याने विरत जातो. त्यामुळे मुलामागचे सभागृह काळ्या शाईत बुडाले आहे. एरंडेल प्यालेल्या खांबावर पांढरा डाग झळकतो आहे, आणि मूल मात्र रात्री बॅटरीच्या झोतात सापडलेल्या पालीसारखे खांबाला चिकटले आहे. ही चित्रे पाहताना मला सारखे वाटे, इथे खेळ झालाच नाही. इथे चोर पकडला गेला. गादीभोवती श्वास रोखून बसलेली पन्नास पोरे, दोराचे टोक धरणारे शिक्षक, पावसाने ओली झालेली खिडकी, सारे नाहीसे झाले आहे. प्रसंगातून पात्र उचलून कोऱ्या कागदावर ठेवले, की कादंबरी मरते. चित्राचेही तेच होते.

या गठ्ठ्याविषयी मी इतका कडवटपणे बोलतो त्याला एक कारण आहे, आणि ते सांगितल्याशिवाय पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. तीन वर्षांपूर्वीही वार्षिक अंक माझ्याकडेच होता. तेव्हा मीच अशा एका छायाचित्रकाराला खांबापाशी ढकलले होते. "आणखी जवळ जा, चेहरा येऊ द्या," असे मीच म्हणालो. आठवीतला एक मुलगा खांबाच्या माथ्यावरून उडी घेत होता. फ्लॅश चमकला. मुलगा गादीच्या कडेवर उतरला आणि त्याचा घोटा मुरगळला. त्या वर्षी तो पुन्हा खांबावर चढला नाही. फ्लॅशमुळेच असे झाले, हे मी शपथेवर सांगू शकत नाही. परंतु मुलगा एवढेच म्हणाला, "सर, खाली जमीन दिसली नाही." जिम्नॅस्टिक्सच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांत फ्लॅशला बंदी असते, हे मला नंतर कळले. आधी कळायला हवे होते, निदान सुचायला तरी. आणि याहून वाईट गोष्ट म्हणजे ते छायाचित्र उत्कृष्ट आले होते. आम्ही ते मुखपृष्ठावर छापले. सर्वांनी वाखाणले. त्या चित्रात तो मुलगा अजून हवेतच आहे. मान ताठ, हात पसरलेले. चित्राला पुढच्या क्षणाशी देणेघेणे नव्हते. मला असायला हवे होते.

दुसरा गठ्ठा मोबाइलचा. आजकालच्या मोबाइलची भिंगे चिमुकली; मोठ्या कॅमेऱ्याइतका उजेड त्यांच्यात मावत नाही. ती उणीव तो बुद्धीने भरून काढतो. एका चित्राऐवजी भराभर अनेक टिपतो, एकावर एक बेतून बसवतो, आणि रवाळपणा पुसून टाकतो. देवळाचा कळस किंवा दिवाळीची रांगोळी टिपायची, तर हे कसब वाखाणण्याजोगे आहे. कारण कळस आणि रांगोळी हलत नाहीत. मूल हलते. मग एका मुलाला तीन कोपरे फुटतात, नाहीतर दोरावरची मुठी मेणासारखी वितळते. तरीही या गठ्ठ्यातले एक चित्र पाहताक्षणी सर्वांना आवडले. सातवीतली एक मुलगी दोरावर अढी घालून उलटी झालेली. चेहरा नितळ, डोळे टपोरे, कातडी तुकतुकीत. आम्ही ते मोठे करून फलकावर लावले.

चार दिवसांनी त्या मुलीची आई शाळेत आली. खानावळीत पोळ्या लाटण्याचे काम करते. ती फलकापुढे बराच वेळ उभी राहिली. "चांगला आलाय फोटो," असे म्हणाली आणि गप्प झाली. मग थोड्या संकोचाने तिने विचारले, "सर, हिच्या भिवईवरची खूण कुठं गेली?" मी निरखून पाहिले. लहानपणी ओट्याच्या कडेवर आपटून पडलेली ती खोक रोज वर्गात माझ्या समोर असते. चित्रात भिवई सलग होती. कुणी लबाडी केली नव्हती. अंधारात यंत्राला ती खोक आणि रवाळपणा यांतला फरक कळला नाही, आणि त्याने दोन्ही सारखेच पुसून टाकले. यंत्राने आमच्या मुलीच्या जागी कुठलीशी एक मुलगी बसवली होती, आणि आम्हां शिक्षकांपैकी एकाच्याही ते ध्यानात आले नव्हते.

चौथे कर्ज म्हणतो ते हे. फराटा म्हणतो, "मला नीट दिसले नाही." रवा म्हणतो, "उजेड कमी होता." गुळगुळीत केलेला चेहरा मात्र म्हणतो, "मला सारे दिसले," आणि ते खोटे असते.

तिसऱ्या गठ्ठ्याचे मी गोडवे गाणार, असे वाचकांना वाटत असेल. तसे नाही. कलाशिक्षकांचा कॅमेरा जुना, पण त्यावर ५० मिलिमीटरचे एफ १.८ चे साधे भिंग. साध्या झूमच्या मानाने त्यातून जवळजवळ दहापट उजेड आत येतो. फ्लॅश त्यांनी लावला नाही. इथवर सारे उत्तम. पण त्यांच्या गठ्ठ्यातही एक मोठा दोष आहे. त्यांना खेळ ठाऊक आहे, म्हणून ते स्थिर क्षणाचीच वाट पाहतात. वर गेलेली वस्तू खाली येण्याआधी क्षणभर थबकते. उडीच्या त्या माथ्यावर झडप थोडी मंद असली तरी चालते. मल्लखांबावरची आसने तर क्षणभर रोखून धरायचीच असतात. त्यामुळे त्यांची बहुतेक चित्रे लेण्यांतल्या मूर्तींसारखी दिसतात. घाटदार आणि निर्धोक. पण मल्लखांब म्हणजे आसनांची यादी नव्हे. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी ही विद्या रुजवली आणि २०१९ साली शिवाजी पार्कवर तिची पहिली जागतिक स्पर्धा भरली, ती एका आसनातून दुसऱ्यात जाताना सुटणाऱ्या आणि पुन्हा सावरणाऱ्या शरीराच्या जोरावर. तो सुटण्याचा क्षण या गठ्ठ्यात जवळजवळ नाहीच. काटकसरी माणूस कधी कधी सणालाही गोड करीत नाही, तसे हे झाले आहे.

जवळजवळ म्हणालो, कारण एक अपवाद आहे. तीच मुलगी, तोच दोर. ती अढी सोडून वळते आहे. दोन्ही हात फराट्यात गेले आहेत, चेहरा तेवढा नेमका भिंगाच्या टप्प्यात सापडला आहे. वरच्या ट्यूबलाइटचा उजेड उलट्या शरीरावर पडल्याने हनुवटी उजळली आहे आणि कपाळ सावलीत आहे. तरी भिवईवरची खूण दिसते. सारे चित्र रवाळ, थोडे हिरवट. मागे भिंतीशी बसलेल्या मुली पुसट झाल्या आहेत, पण त्यांतल्या एकीचा वासलेला 'आ' कळतो. भिंतीवरची ओल कळते. ही मुलगी कुठे खेळते, कुणासमोर खेळते, आणि किती कमी उजेडात खेळते, हे सारे या चित्रात आहे.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो वाजवी आहे. तुम्ही टीकाकार लोक अंधाराचे कौतुक कराल. आईला लेकीचा चेहरा स्वच्छ हवा असतो, त्याचे काय? आपल्या डोळ्यांची सवयही बदलली आहे. २०१४ पासून प्रो कबड्डीचे सामने घरोघरी दूरदर्शन संचावर दिसू लागले. तिथले दिवे मुळात कॅमेऱ्यासाठीच लावलेले असतात. तसाच लखलखाट आपल्या मुलाच्या चित्रातही असावा, असे वाटणे साहजिक आहे. मला याचे उत्तर पुस्तकात सापडले नाही, ते त्या आईकडून मिळाले. मी तिला तिसऱ्या गठ्ठ्यातले चित्र दाखवले. "हा काळपट आहे," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, "पण खूण आहे." शेवटी म्हणाली, "दोन्ही द्या. तो गावाला पाठवते, हा घरात ठेवते."

माझ्या साऱ्या टीकेपेक्षा ही निवड शहाणपणाची आहे, असे मला वाटते. नातलगांना दाखवायचे चित्र वेगळे, आणि आपल्यापाशी ठेवायचे वेगळे. शाळेचा वार्षिक अंक हा गावाला पाठवायचा फोटो की घरात ठेवायचा, एवढेच मला ठरवायचे होते. ते मी ठरवले. काळपट चित्र मुखपृष्ठावर गेले. छापखान्याने ते उजळून देण्याची तयारी दाखवली. मी नको म्हणालो. मुख्याध्यापकांनी मात्र चित्र पाहून निराळाच प्रश्न विचारला, "आपलं सभागृह इतकं अंधारं आहे?" पुढच्या महिन्यात लुकलुकणारी ट्यूब बदलली गेली. फ्लॅशच्या चित्रांनी इतक्या वर्षांत हे काम केले नव्हते, कारण त्यांत सभागृह दिसतच नव्हते.

दिवाळीच्या सुटीत पुष्कळ घरांत मोबाइलमधली चित्रे निवडून नको ती पुसण्याचे काम निघते. तेव्हा दोन शब्द सांगतो. मुले घरात खेळत असतील, तर खिडकी आपल्या पाठीशी येईल असे उभे राहा. ती समोर आली की मुले नुसत्या काळ्या आकृत्या होतात. फ्लॅश बंद ठेवा. चित्र रवाळ आले तर घाबरू नका. आणि पाळीची वाट पाहत भिंतीशी बसलेल्या मुलांकडेही कॅमेरा वळवा. ती हलत नाहीत, त्यामुळे खिडकीचा उजेड त्यांना पुरतो, आणि हरलेल्यांचे चेहरे आपल्या अंकांत तसेही फार कमी असतात. मग निवडताना फराटलेले चित्र लगेच पुसू नका. आधी त्यात आपले मूल आहे का, ते पाहा.

यंदाच्या स्पर्धेला दारात एक मुलगा उभा होता. अकरावीतला. येणाऱ्या प्रत्येक पालकाला तो नम्रपणे सांगत होता, "काका, फ्लॅश बंद करा. काकू, फ्लॅश बंद करा." मी आत जाताना त्याने माझ्याकडे पाहिले आणि हसला. माझ्या हातात कॅमेरा नव्हता, तरी मी दोन्ही हात रिकामे करून त्याला दाखवले.